मामंजींच्या नावाचा पऱ्या

आत्याबाई, सगळ्यात आधी आला तो पट्टेवाला, आणि तोसुद्धा मागल्या अंगाने, गडगा ओलांडून. समोर बेडं सताड उघडं असताना सरकारी माणसं चिऱ्यांवर चढून का येतात हे कोडं मला तुमच्या वेळेपासून सुटलेलं नाही. धोतराला ही कुसळं लागलेली. मी खळ्यात कुळीथ बडवत बसले होते, पदर डोक्याला गुंडाळलेला, तोंडभर भुसा, तर म्हणतो कसा, "म्हातारे, घरात कोणी पुरुष माणूस आहे काय?" मी म्हटलं, "आहेत की, तीन आहेत. तिघेही मुंबईला आहेत, हाक मारून बघ." तो हसला नाही. पट्टा लावला की हसू आत जातं वाटतं. त्याच्या पाठोपाठ टोपीवाला ओव्हरसियर आला, मग खांद्यावर मोजणीची साखळी घेतलेला गडी, आणि सगळ्यांच्या शेवटी, आपल्याच गावचा असून पाहुण्यासारखा लाजत, तुमच्या वेळच्या पोलीस पाटलांचा धाकटा मुलगा. तो आता पंच झालाय. ज्याला तुम्ही आंबे चोरताना झाडावरून उतरवलं होतंत तोच. अजून आपल्या खळ्यात आला की कलमाकडे बघत नाही.

आणि कशाला आले होते सांगू? साकव बांधायला! आपल्या पऱ्यावर, आत्याबाई, खऱ्याखुऱ्या चिऱ्यांचा साकव, दोन माडांचे सोट आडवे टाकलेला नव्हे. लोकलबोर्डाने मंजूर केलाय. आता हातखंब्याला मोटार धरायला निघालेला माणूस आषाढात ओढा भरून वाहत असतानाही कोरड्या पायांनी पलीकडे जाईल. मी इतकी हरखले की कुळथाचं सूप तसंच हातात धरून त्यांना गूळपाणी विचारलं. ओव्हरसियर भला माणूस होता, पडवीत टेकला, वही उघडली, आणि म्हणाला, "आजी, तुम्ही इथल्या जुन्या. साकवाला दगड बसवायचाय नावाचा. ह्या पऱ्याचं नाव काय लिहू?"

माझ्या हातातलं सूप कलंडलं. सगळे कुळीथ पुन्हा भुशात. आणि ओठांवर काय आलं असेल, तुम्हीच सांगा. तेच आलं. तोंड उघडलं होतं मी. पुढचं सांगते, पण त्याआधी ते दुसरं तोंड उघडणं सांगायला हवं, तुमचं. ते सांगितल्याशिवाय हे सांगता येणार नाही, आणि सांगायला इथे आता कोणी उरलेलं नाही. म्हणून नातीच्या वहीतली मधली पानं काढून बसले आहे. ऱ्हस्वदीर्घ तुम्हाला कळत नव्हतं आणि मला येत नाही, तेव्हा आपल्या दोघींत ती अडचण नाही.

मी बारा वर्षांची, सून होऊन ह्या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात तुम्ही मला तीन गोष्टी शिकवल्यात. पेज उतू जाऊ द्यायची नाही. सड्यावर जाताना पायाखाली बघायचं, पुढे नाही. आणि मामंजींचं नाव ज्या ज्या शब्दात आहे तो शब्द ह्या घरात बाईने उच्चारायचा नाही. आता नाव म्हणजे ते रविवारच्या पाठी जो वार येतो, महादेवाला बेल वाहायचा, त्या वाराचं आधलं अर्ध. म्हणून आपल्याकडे त्या वाराला वार असं नावच नव्हतं, "महादेवाचा वार" म्हणायचं. माझ्या थोरल्याला मास्तरांनी शाळेत वार म्हणायला उभा केला तर त्याने रविवार, महादेवाचा वार, मंगळवार असे घडाघडा म्हटले आणि हातावर छडी खाऊन आला. तुम्ही त्याच्या हाताला खोबरेल लावत म्हणालात, "मास्तराला काय जातंय? त्याला थोडंच कुंकू लावायचंय!"

पऱ्याचंही तेच. मामंजींच्या आजोबांनी सड्याच्या पायथ्याशी बांध घालून पाणी अडवलं, म्हणून पऱ्याला त्यांचं नाव, आणि आजोबांचं नाव नातवाला म्हणून मामंजींनाही तेच. सगळं गाव त्या पऱ्याला नावाने हाक मारायचं. आपण दोघी तेवढ्या "महादेवाचा पऱ्या" म्हणायचो. वाडीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, कोणी चुकत नव्हतं. मी "महादेवाच्या पऱ्यावर जाते" म्हटलं की शेजारणीला बरोबर कळायचं मी कुठे चालले ते. परका माणूस मधी येईपर्यंत काही बिघडलं नाही.

तो चैत्र होता. शिमगा करून पुरुष बोटीने परत गेले होते, आणि आपण दोघी वरच्या मळीत भाजावळ करून नुकत्या आलो होतो, हातापायांना राख. खळ्यात बोर्डाचा कारकून बसलेला. कोवळा, देशावरचा, उन्हाने लाल झालेला. तलाठी पाटलांकडे शहाळी पीत राहिला होता आणि ह्याला एकट्याला पुढे पाठवलं होतं. गावाची पंचायत निघणार होती. आजवर जे खोताच्या पडवीत ठरायचं ते आता पंच ठरवणार, आणि कुठवरची घरं त्या पंचायतीत यायची ते लिहायला हा आला होता. त्याने चौकडच्या हद्दी विचारल्या. पुरुष नाही, मग घरच्या मोठ्या बाईने सांगाव्यात.

तुम्ही राजापूर बघितलं नव्हतंत, रत्नागिरीचा बाजार आयुष्यात दोनदा. पण त्या दिवशी खळ्यात उभं राहून, हातात कोयती धरून, तुम्ही त्याला गाव असं दाखवलंत की त्याने लिहिणं थांबवून बघितलं. कोयती उगवतीकडे. "हा सडा. कातळ संपतो तिथे तीन चिरे उभे आहेत, तिथवर आमचा. त्याच्या पलीकडे गवत कापलं तर भांडण." कोयती मावळतीकडे. "ही खाडी. भरतीचं पाणी चढतं तिथवर खारं, ते कोणाचंच नाही." दक्षिणेला खोतांची कलमं, गडग्याच्या आतली. आणि मग कोयती उत्तरेकडे वळली आणि तिथे हवेत थांबली.

"उत्तरेला काय?" त्याने विचारलं.

"पऱ्या."

"कोणता पऱ्या?"

तुम्ही मान खाली घातलीत. मी तुळशीपाशी उभी होते, धाकटी कडेवर. तुम्ही कोयती त्या हातातून ह्या हातात घेतलीत. मग म्हणालात, "महादेवाचा." आणि त्याच्यासाठी गूळपाणी आणायला आत गेलात. परत आलात तेव्हा तो शाई वाळवत होता. तुमचा अंगठा घेतला, पाणी प्यायला, दोनदा आभार मानून गेला. पुरुष माणूस बाईचे आभार मानतो म्हणून आपण नंतर किती वेळ हसलो होतो.

आता परक्याला कसं कळावं की महादेवाच्या देवळापासून निघणारा, ज्याचं नाव खरोखरच महादेवाचा पऱ्या आहे, असा दुसरा पऱ्या गावात आहे? तो आपल्या दक्षिणेला. आपली वाडी दोहोंच्या मधी. एकीकडे देवळाचा, दुसरीकडे मामंजींच्या नावाचा. हद्द मामंजींच्या पऱ्यावर तर वाडी गावात. हद्द देवळाच्या पऱ्यावर तर वाडी गावाच्या बाहेर, पलीकडच्या गावाच्या पदरात. कारकुनाने वहीत देवळाचा लिहिला. बावीस घरं एका शब्दाने उचलून दुसऱ्या गावात ठेवली.

हे कळलं वैशाखात, पाटील चावडीवरचा कागद वाचून सरळ आपल्याकडे आले तेव्हा. ते पडवीत बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "वयनी, देव हलवलात तुम्ही." मग विहिरीचं सांगितलं. बोर्डाने गावाला एक विहीर दिली होती, पाटलांनी ती भांडून आपल्या वाडीला मिळवून दिली होती, आणि आता वाडीच गावात नाही तर विहीर खालच्या वाडीत खणणार. तिथे आधीच दोन होत्या.

विहीर म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगावं? वैशाखात आपलं पाणी म्हणजे सड्याखालचा झरा. पाऊण कोस चढण, आणि वर गेलं की खडकाच्या खोबणीत पाणी साचायची वाट बघत रांगेत बसायचं, नारळाच्या करवंटीने एक एक घोट कळशीत भरायचा. त्या वाटेवर मी आदल्या वर्षी भरल्या हंड्यासकट घसरले होते. चौथा महिना होता. तेव्हा मला घरी कोणी आणलं, आणि त्यानंतर पंधरा दिवस माझ्या वाटचं पाणी कोणी वाहिलं, ते दोघींना ठाऊक आहे. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, आजही बोलत नाही. पण पाटील विहिरीचं म्हणाले तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंत.

हरकत घ्यायची मुभा होती. तालुक्याचे साहेब चावडीवर ऐकायला येणार होते. वाडीतली म्हातारी माणसं म्हणाली, आम्ही जातो, आम्ही पऱ्याचं नाव सांगतो, त्यात काय मोठं. पाटलांनी मान हलवली. पलीकडच्या गावालाही झरा हवा होता, तिथली माणसं येऊन सांगणार होती की बाई म्हणाली तेच खरं. कागदावर अंगठा बाईचा. "ज्याचा अंगठा त्याचंच तोंड," पाटील म्हणाले. "वयनींनीच साहेबांसमोर खरं नाव घेतलं तर कागद फिरेल. दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने नाही."

ते आठ दिवस मला अजून आठवतात. झऱ्यावर आपण गेलो की एक जण तरी म्हणायची, "वाट सोडा गो, पलीकडच्या गावची पाव्हणी आली." कोणी म्हणे, महादेवाला उचलून नेणारी पहिलीच बाई बघितली. तुम्ही करवंटी भरत राहायचात. मामंजी गोदीत कामाला, डोक्यावरून पेट्या झुलत असतात ते तुम्ही एकदा त्यांच्याच तोंडून ऐकलं होतंत, आणि तेव्हापासून तुम्हाला वाटायचं की त्या पेटीची दोरी तुमच्या जिभेला बांधलेली आहे. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे तुम्हाला तुमच्या आईने सांगितलेलं. मी एकदा भीत भीत म्हटलं, मी लिहून देऊ का कागदावर? तुम्ही म्हणालात, "लिहिलं म्हणजे घेतलंच गो. आणि तुला तरी कुठे चालतंय?" खरंच होतं, मला पण चालत नव्हतं. मामंजींना पत्र घालून विचारावं तर उत्तर यायच्या आत साहेब येऊन जाणार. शेवटल्या दिवशी तुम्ही चुलीपुढे भाकरी थापत होता आणि ओठ हलत होते. मला वाटलं जप करताय. आता कळतं ते काय होतं.

चावडीवर एवढी माणसं मी पालखीलाही बघितली नव्हती. एका अंगाला आपली वाडी, दुसऱ्या अंगाला पलीकडच्या गावची माणसं, मधी टेबल. आपण दोघी खांबाआड, पदर कपाळापर्यंत. साहेब म्हातारे होते, आवाज बारीक, पण त्यांनी मान वर केली की सगळे गप्प. त्यांनी कागद वाचला आणि कारकुनाला विचारलं, हे असं कसं लिहिलं. तो पोरगा घाबरून उभा राहिला. म्हणाला, "मी एकदा नाही, दोनदा विचारलं साहेब. देवळाकडचाच ना, असंही विचारलं. घरातली बाई हो म्हणाली."

आत्याबाई, तुम्ही मागे वळून बघितलंत. माझ्याकडे. डोळे मिटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग पुढे झालात आणि म्हणालात, "म्हटलं असेन. चूक माझी."

"मग बरोबर नाव सांगा," साहेब म्हणाले.

तुम्ही उभ्या होतात. पाटील खाकरले. पलीकडच्या गावचा एक जण, कानात भिकबाळी घातलेला, मोठ्याने म्हणाला, नवऱ्याच्या नावाचं निमित्त आहे सगळं, दुसरं नाव खरं असतं तर एव्हाना तोंडात आलं असतं. त्याची माणसं हसली. आपली वाडी खाली बघायला लागली. साहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला, एक थेंब कागदावर पडला तो मी बघितला. मला वाटलं, आता टाक खाली ठेवतील आणि झालं. तेव्हा तुम्ही बोललात, आणि आवाज मुळीच कापत नव्हता.

"साहेब, आमच्यात नाव असंच घेत नाहीत. लग्नात घेतात, मंगळागौरीला घेतात. तसं घेतलं तर कागदाला चालेल?"

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं, कारकुनाने पाटलांकडे. मग साहेब म्हणाले, "घ्या."

तुम्ही पदर नीट केलात, गळ्यातली पोत मुठीत धरलीत, डोळे मिटलेत.

"उगवतीला सडा, मावळतीला खाडी,
....च्या पऱ्याअलीकडे आमची वाडी."

जागा सोडली आहे तिथे तुम्ही नाव घेतलंत. मी सोडते. सगळ्या चावडीत हसू फुटलं, आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्याने तर फेटा काढून डोळे पुसले. त्या गोंधळात कारकुनाला नाव लिहिता आलं नाही. साहेब म्हणाले, पुन्हा सांगा, लिहून घ्यायचंय. तुम्ही पुन्हा पोत धरलीत, पुन्हा सडा, पुन्हा खाडी, पुन्हा ते. तरी त्याचं एक अक्षर चुकलं. तिसऱ्यांदा तुम्ही घेतलंत तेव्हा कोणी हसलं नाही. तुमच्या कपाळावर घाम होता आणि मुठीतले मणी तळव्यात रुतले होते. साहेबांनी स्वतःच्या हाताने देवळाचा पऱ्या खोडला, वर दुसरं नाव लिहिलं, आणि तुमचा अंगठा पुन्हा घेतला. भिकबाळीवाला म्हणाला, उखाणा म्हणजे काय साक्ष झाली? साहेब म्हणाले, चारी हद्दी आल्या नसतील, पण तीन आल्या, आणि त्या तुम्हाला येत असतील तर तुम्हीही घ्या बायकोचं नाव.

घरी येताना तुम्ही पुढे चालत होतात, मी मागे. पाखाडीच्या पायऱ्यांखाली ओंजळभर पाणी उरलेलं होतं पऱ्यात, तिथे बसून तुम्ही तीनदा चूळ भरलीत. विहीर मिळाली म्हणून वाडीतल्या बायका पुढे नाचत चालल्या होत्या, आणि तुमचा चेहरा मात्र प्रेत बघून आल्यासारखा.

मग वाट बघणं. दर महिन्याला यायचं ते मामंजींचं पत्र ज्येष्ठात आलं नाही. बोटी बंद झाल्या. टपाल घाटावरून वळसा घालून यायला लागलं, आणि पाखाडीवरून पोस्टमन उतरताना दिसला की तुम्ही हातातलं काम टाकून आत जायचात, त्याने शेजारच्या घराकडे वळावं तोवर भिंतीला टेकून उभ्या. महादेवाच्या वारी जेवण सोडलंत. लावणीच्या चिखलात उभ्या असताना मी एकदा बोलायला गेले, "आत्याबाई, त्या दिवशी," एवढंच. तुम्ही रोपांची मूठ माझ्या हातात कोंबलीत. "लाव गो. पाऊस थांबायचा नाय आपल्यासाठी." आषाढात पत्र नाही. श्रावणात नाही. तुम्ही इतक्या वाळलात की बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

गणपतीच्या दोन दिवस आधी बेडं वाजलं. मामंजी. खांद्यावर ट्रंक, आणि उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, दोन बोटं अर्धी नाहीत. मी तांब्या घेऊन धावले. दुसरी कुठलीही बाई विचारेल, हे कसं झालं. तुम्ही पायरीवरून विचारलंत, "कधी?"

"शिमग्याहून गेलो नि चौथ्या दिवशी," ते म्हणाले. "पेटी सरकली. लिहायचा हातच गेला, आणि दुसऱ्याकडून लिहवून घेतलं तर तू घाबरशील. वैशाखातलं पत्र मित्राने माझं अक्षर काढून लिहिलं होतं, मग तोही गावी गेला."

शिमग्याहून चौथ्या दिवशी. म्हणजे चावडीच्या कितीतरी आधी. तुम्ही बोटांवर मोजलंत, पायरीवरच खाली बसलात, आणि पदर तोंडात धरून इतक्या रडलात की मामंजी बिचारे चूक झाल्यासारखे उभे. मग ते म्हणाले, "मुंबईत गावच्या खोलीवर सगळे सांगत होते, तुझ्या बायकोने तुझं नाव सरकारात तीनदा गाजवलं. मला म्हणाले, आता मुन्शिपाल्टीत उभा राहा." तुम्ही रडता रडता त्यांना तांब्या फेकून मारलात. पाणी सगळं माझ्या अंगावर.

विहिरीला पुढल्या चैत्रात पाणी लागलं. पहिली कळशी तुम्ही ओढलीत. तुम्ही भरल्या कपाळाने गेलात, जसं मागितलं होतंत तसं, आणि मामंजी तुमच्या मागे सहा वर्षं त्या विहिरीच्या काठावर बसून येईल जाईल त्याला तो उखाणा ऐकवत राहिले. स्वतःचं नाव स्वतःच घ्यायचे, आणि वर म्हणायचे, "बघा, मरतोय का." पण वाडीने तुम्हाला दुसरं नाव ठेवलं होतं ते शेवटपर्यंत पुसलं नाही. देव हलवणारी. प्रेमाने म्हणायचे, मान्य आहे. तरी म्हणायचे. परवा पाटलांचा मुलगादेखील ओव्हरसियरला म्हणाला, ह्या घरातल्या म्हातारीने एकदा महादेव हलवला होता.

तर ओव्हरसियरने नाव विचारलं, सूप कलंडलं, आणि माझ्या ओठांवर "महादेवाचा" आलं होतं. एवढ्या वर्षांनी, एवढं सगळं बघून. म अर्धा बाहेर पडला होता, आत्याबाई. त्याने टाक टेकवला होता. तेवढ्यात दाराआडून माझी नात, सहा वर्षांची, पुढले दोन दात पडलेली, पणजोबाचं नाव असं खणखणीत घेऊन मोकळी झाली, पऱ्यासकट, वर विचारते कशी, "आजी, तुला एवढं पण येत नाय?" मी जी हसायला लागले ती थांबेना. ओव्हरसियर घाबरला. कुळथात बसून मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी, आणि ती पोर आपली शाळेतल्यासारखी पुन्हा पुन्हा नाव घेत होती, म्हणजे त्याला नीट लिहिता यावं. दगडावर ते नाव येणार आहे आता. कोणी खोडणार नाही.

पाहुणे गेले आणि हसू ओसरलं, तेव्हा मला तो कारकून आठवला. तुम्ही गूळपाण्याला आत गेलात ना, तेव्हा त्याने टाक उचलून माझ्याकडे बघितलं. "काय हो बाई, हा म्हणजे देवळाकडचाच ना?" मी नाही म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग कोणता? आणि मग परक्या पुरुषासमोर सासऱ्याच्या नावाशी मला एकटीला उभं राहावं लागलं असतं. धाकटी कडेवर रडत होती. मी म्हटलं, "हो." एवढंच. घरातली बाई हो म्हणाली ती मी. चावडीत तुम्ही वळून बघितलंत, तुम्हाला कळलं, आणि तुम्ही ते स्वतःच्या अंगावर घेतलंत. त्या पावसाळ्यात, त्या सगळ्या वर्षांत, तुमच्या शेवटल्या दुखण्यात पाय चेपताना, मी रोज सांगणार होते. तुम्ही प्रत्येक वेळी माझ्या हातात काहीतरी कोंबलंत, रोपं, कळशी, पोर. तुम्हाला ऐकायचं नव्हतं की मला सांगायचं नव्हतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

हे कागद मी तुमच्या हडप्याच्या पेटीत, चावडीवरून मिळालेल्या त्या जुन्या नकलेखाली ठेवते आहे. नात वाचायला शिकली की काढील बाहेर, काढू दे. तुम्ही नाव तीनदा घेतलंत, मी एकदाही नाही, वारातलंसुद्धा नाही. आज घेते. दोरी लावून पायाच्या खुंट्या ठोकायला ती माणसं परत येणार आहेत, कधी ते मी त्यांच्याकडून पक्कं करून घेतलंय. सोमवारी.